खिडकीजवळचं बाक

१० सप्टेंबर

प्रिय मावशी,

तुला फोन करून करून माझं बोट झिजलं. दर वेळी वहिनी उचलते, "आईंना देते" म्हणते, मग पलीकडे काहीतरी खुसफुस होते आणि वहिनीच परत येऊन सांगते की आई अंघोळीला गेल्यात. दिवसाला इतक्या अंघोळी करायचं तुझं वय नाही. रागावली असशील तर सरळ सांग. मी तुझ्याच हाताखाली गणित शिकले आहे, तुझा राग मला नवा नाही.

म्हणून आता पत्र.

गेल्या वर्षी मी शहराच्या शाळा मंडळाची अध्यक्ष झाले, तेव्हा तू म्हणाली होतीस की खुर्ची उबवत बसू नकोस, शाळांतून फिर. फिरले. इतकी फिरले की शाळेचे शिपाई आता मला बघून दचकत नाहीत, स्टूल पुढे करतात. मुलींच्या शौचालयांना आतून कड्या लागल्या. वाचनालयाचं कुलूप निघालं. पण मला सगळ्यांत अभिमान आहे तो मागच्या खोलीचा, म्हणजे ती बंद केल्याचा.

मुख्य शाळेत कोठीच्या मागे एक खोली होती. ज्या मुलांना कमी ऐकू येतं ती सगळी, लहानमोठी, तिथे एकत्र बसायची. त्यांना शिकवायला एकच बाई. बाकीची पोरं कुणाला चिडवायचं असलं की म्हणायची, "तुला मागच्या खोलीत टाकतील." हे मी माझ्या कानांनी ऐकलं आणि त्याच दिवशी ठरवलं. आता ही मुलं आपापल्या वयाच्या वर्गात, सगळ्यांबरोबर बसतात. कानांत यंत्रं आहेतच. त्या बाईंना वाचनालयात नेमलं. वेगळ्या बाई कशाला, सगळ्याच बाई सगळ्यांच्या.

मंडळात एकाच माणसाने खळखळ केली, आमचे दातांचे डॉक्टर. म्हणाले, गर्दीत ही मुलं बुडतील. मी म्हटलं, डॉक्टर, तुम्ही दात बघा. सगळे हसले आणि ठराव मंजूर झाला.

मार्चमध्ये वार्षिक सभा आहे. पालक, शिक्षक, सगळं गाव येतं. अध्यक्षाने वर्षाचा हिशेब द्यायचा असतो. माझं भाषण याच गोष्टीने सुरू होणार.

तुझी,
चिमी

२१ सप्टेंबर

चि. चिमीस,

अध्यक्षीणबाई, तुम्हाला आशीर्वाद द्यायचे की नमस्कार करायचा, यातच माझा अर्धा दिवस गेला. शेवटी आशीर्वादच देते, स्वस्त पडतात.

रागावले नाही. फोनवर मला बोलायला सुचत नाही, एवढंच. माणूस दिसत नाही, नुसता आवाज येतो, हे मला पहिल्यापासून भुताटकीसारखं वाटतं. तू पत्रच लिही. तुझं अक्षर अजून उजवीकडे कलतं, बघून बरं वाटलं.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मुलं कुठे बसतात ते कळलं. तिथे बसून ती काय करतात ते तू लिहिलं नाहीस. एखाद्या मुलाचं नीट लिही ना. एकाचंच. सगळ्यांचं मिळून जे लिहितात ते मला कधीच कळत नाही.

मुलाने माझी खोली रंगवून दिली. पिवळी. पिवळी म्हणजे इतकी पिवळी की सकाळी डोळे उघडले की वाटतं आपण फणसात राहतो.

तुझी मावशी

१८ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

तुला पिवळा रंग कधीपासून आवडायला लागला?

तू एकाचंच लिही म्हणालीस, तर एका मुलीचं लिहिते. सहावीत आहे. वर्षापूर्वीपर्यंत मागच्या खोलीत होती. आता खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर बसते, म्हणून मनातल्या मनात मी तिला खिडकीवाली म्हणते. दोन घट्ट वेण्या, कानांत यंत्रं, आणि चेहरा असा हसरा की बघणाऱ्याचा दिवस चांगला जावा.

काल मी मुद्दाम तिच्या वर्गावर गेले आणि मागे स्टुलावर बसले. वर्गाचे सर उत्साही आहेत. झुपकेदार मिशा, खणखणीत आवाज, एका जागी म्हणून पाय ठरत नाही. पाण्याची वाफ कशी होते ते शिकवत होते. खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत, फळ्यावर ढग काढत, काढता काढता बोलत. मी स्वतः शिकून आले.

आणि ही मुलगी, मावशी, पूर्ण तास मान डोलावत होती. अख्ख्या वर्गात तिच्याइतकं मन लावून ऐकणारं कुणी नव्हतं. तास संपल्यावर मी जवळ जाऊन विचारलं, "समजलं का गं?" तिने मान हलवली आणि गोड हसली.

सर म्हणाले, पोर गुणी आहे, काडीचा त्रास नाही. फक्त परीक्षेत कागद कोरा ठेवते. घरी कुणी अभ्यास घेत नसेल, असं त्यांचं म्हणणं. आई इस्पितळाच्या धुलाईघरात पाळीवर असते, तेव्हा तसंच असणार. मी सरांना म्हटलं, हळूहळू येईल.

भाषणात मी हिच्यापासूनच सुरुवात करणार आहे. मागच्या खोलीतून खिडकीपाशी. ऐकायला कसं वाटतं?

तुझी चिमी

२९ ऑक्टोबर

चि. चिमीस,

भाषणात त्या मुलीला घेऊ नकोस. थांब, पुढचं वाचल्याशिवाय नाक फुगवू नकोस.

तू विचारलंस, पिवळा रंग कधीपासून आवडायला लागला. मला तो आवडत नाही. मुलगा दाराशी उभा राहून रंगाबद्दल काहीतरी विचारत होता, मी मान हलवली. सून माझं लाकडी कपाट शेजारच्यांना द्यायचं का, असं विचारत होती बहुतेक. तेव्हाही मी मान हलवली. आता कपाट शेजारी आहे आणि मी फणसात आहे.

मला ऐकू येत नाही, चिमे. अगदीच नाही असं नाही. गेल्या दोनेक वर्षांत कमी कमी होत गेलं. आवाज येतो, शब्द येत नाहीत. कुणी समोर, उजेडात, तोंड दिसेल असं बोललं तर बरंचसं लागतं. खिडकीकडे पाठ करून बोललं तर चेहरा काळा दिसतो आणि माझ्या हाती काही लागत नाही. मिशाळ माणसांशी तर माझी मैत्रीच संपली. फोनबद्दल तुला आता सांगायला नको. घरात कुणाला बोलले नाही. म्हातारीच्या तक्रारींत आणखी एक भर कशाला?

संध्याकाळी जेवताना सगळे हसतात तेव्हा मीही हसते. कशाला हसले ते मला माहीत नसतं. पहिल्यांदा "काय म्हणालास?" विचारलं की माणसं सांगतात. दुसऱ्यांदा जरा मोठ्याने सांगतात. तिसऱ्यांदा म्हणतात, "जाऊ दे, काही नाही." ते "काही नाही" ऐकायला नको म्हणून मी मान हलवायला शिकले. मान हलवली की सगळे खूश होतात आणि पुढे जातात.

इतका वेळ, इतकी सुंदर मान हलवणारी मुलगी काय करते आहे ते मला माहीत आहे. ती तुमची समजूत काढते आहे.

मावशी

२ डिसेंबर

प्रिय मावशी,

महिनाभर लिहिलं नाही. आधी मला तुझा राग आला. तू मला सांगितलं नाहीस याचा आला, का तू माझ्या खिडकीवालीचं असं केलंस याचा, ते मलाही सांगता यायचं नाही. मनात म्हटलं, तू म्हातारी आहेस, ती मूल आहे, तुझं तिला कशाला लावायचं. वर्गावर परत गेले नाही. कामं होती म्हणेन, पण होती ती नेहमीचीच.

मग परवा तिची आई मंडळाच्या कचेरीत आली. उंच, अबोल बाई, हातांची कातडी साबणाने पांढरी पडलेली. मुलीचा दाखला हवा म्हणाली. दिवसभराच्या प्रवासावर एक निवासी शाळा आहे, फक्त अशाच मुलांची. जूनपासून तिथे ठेवणार.

मी तिला बसवलं, पाणी दिलं आणि समजावायला लागले, की मुलगी छान रुळली आहे, सर खूश आहेत, मी स्वतः वर्गात बसून पाहिलंय.

ती म्हणाली, "मॅडम, मागच्या खोलीत होती तेव्हा ती रोज भांडून घरी यायची. बाईंनी गणित चुकीचं घातलं, ह्याने माझी वही घेतली, मला पुन्हा सांगितलं नाही. डोकं उठवायची माझं. आता विचारलं काय शिकवलं, तर म्हणते सर चांगले आहेत. कुणाशी भांडत नाही. मला ते बघवत नाही."

मग तिला एकटीला इतक्या लांब ठेवून मी काय करू मला माहीत नाही, असं म्हणाली, पण माझ्याकडे बघून नाही, टेबलाकडे बघून.

मी तिच्याकडे वार्षिक सभेपर्यंतची मुदत मागितली. ती देते म्हणाली. अर्ज मात्र ठेवून गेली.

तुझी माफी मागत नाही, तुला ते आवडत नाही. आता काय करू ते सांग. खोली परत उघडली तर डॉक्टर जिंकतील ते चालेल, पण ती पोरं पुन्हा कोठीमागे जातील. नाही उघडली तर ही मुलगी जाईल.

चिमी

९ डिसेंबर

चि. चिमीस,

काय कर ते मी कशी सांगणार? मी गणिताची बाई. उदाहरण सोडवून देत नाही, पुन्हा वाचायला लावते.

तिच्या बाकावर जाऊन बस. मागच्या स्टुलावर नाही, तिच्या बाकावर. कानांत कापूस घाल, वरून मफलर गुंडाळ. एक तास बसून उठू नकोस, कुणीही एक तास तग धरतो. सकाळभर बस. पाहुणी म्हणून नको, विद्यार्थिनी म्हणून. प्रश्न विचारले तर उत्तरं द्यायची.

सभेचं नंतर बघू. तू लहानपणी चुकलेलं उदाहरण सगळ्यांदेखत फळ्यावर पुसून परत करायचीस. बाकीची पोरं वही झाकायची. तेव्हाच मला वाटलं होतं, ही पुढे जाईल.

मावशी

२० जानेवारी

प्रिय मावशी,

बसले.

सरांना आधी सांगितलं होतं. वर्गाला त्यांनी सांगितलं की आज मॅडम तुमच्यातल्या एक आहेत, आणि पोरांनी मला लगेच वाटून घेतलं. एकीने पेन्सिल मागितली, एकाने माझ्या मफलरला नाव ठेवलं असावं, कारण सगळे हसले. काय म्हणाला ते कळलं नाही. मीही हसले. हसून झाल्यावर तुझी आठवण झाली.

पहिला तास मी फार हुशारीने बसले होते. सरांच्या तोंडाकडे बघत होते. ते खिडकीपाशी गेले की चेहऱ्याच्या जागी नुसती सावली. फळ्याकडे वळले की पाठ. आपल्याकडे वळले की मिशा. अर्धं वाक्य सापडायचं, दुसरं अर्धं जुळवेपर्यंत तिसरं सुरू. दुसऱ्या तासाला माझे डोळे दुखायला लागले. तिसऱ्या तासाला मी खिडकीबाहेर बघत होते आणि एक माणूस शिडीवर चढून दिवा बदलत होता, ते मला इतिहासापेक्षा बरं वाटत होतं.

तेवढ्यात सर माझ्यासमोर आले, काहीतरी विचारलं आणि थांबले. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता.

मी मान हलवली.

मावशी, मी, शाळा मंडळाची अध्यक्ष. ठरवून आले होते, सगळं माहीत होतं, आणि तरी हलवली. शेजारी खिडकीवाली बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. आजवर तिने मला दिलेलं हसू ते नव्हतं. ती खरोखर हसली, तोंडावर हात ठेवून. मग वहीच्या कोपऱ्यात लिहून दाखवलं, "त्यांनी विचारलं, भारत्याग म्हणजे..." असला काही शब्दच नाही, तिलाही तो अर्धाच ऐकू आला होता. खाली लिहिलं होतं, "मला पण नाही कळलं."

मधल्या सुट्टीत मी थेट वाचनालयात गेले. मागच्या खोलीच्या बाई पुस्तकांना कव्हरं घालत होत्या. वर्षभरात मी त्यांना एकदाही काही विचारलं नव्हतं. त्या रागात होत्या, आणि राग लपवायची त्यांना सवय नाही. म्हणाल्या, यंत्र सगळंच मोठं करतं, सरांचा आवाज आणि बाक सरकल्याचा आवाज, दोन्ही. म्हणाल्या, खोली वाईट होती, मला मान्य आहे. खोली बंद केलीत ते बरं केलंत. पण खोलीबरोबर मलाही बंद केलंत.

मी विचारलं, परत याल का? त्या म्हणाल्या, कोठीमागे येणार नाही. मी म्हटलं, वर्गांतच या.

तर आता असं चाललंय. सकाळी त्या एकेका वर्गात या मुलांच्या शेजारी बसतात आणि जे सुटलं ते तिथल्या तिथे सांगतात. दुपारी शेवटचा तास वाचनालयात, ज्याला हवं त्याने यावं. चांगली ऐकू येणारी दोन पोरंसुद्धा येतात, कारण त्यांनाही वर्गात काही कळत नाही. बाकं अर्धगोलात लावली. फळ्याशी बोलायचं नाही, हा नियम शिक्षकांना सगळ्यांत जड जातो. पाठीला डोळे नसतात हे ठाऊक होतं, पण तोंडही नसतं हे त्यांना पटायला आठवडा लागला. आणि सरांनी मिशा कापल्या. कुणी सांगितलं नव्हतं. सोमवारी आले ते ओळखूच येईनात. वरचा ओठ इतका कोवळा आणि गोरा, की पोरं दोन दिवस त्यांना घाबरेनात.

पण हे सगळं मंडळाच्या मंजुरीशिवाय चाललं आहे. बाईंची नेमणूक कायम करायची तर सभेत ठराव हवा, आणि ठराव मांडायचा तर आधी कबूल करायला हवं की गेल्या वर्षी ज्यासाठी टाळ्या घेतल्या ते अर्धंच केलं होतं. डॉक्टर समोरच्या रांगेत असतील. मुलीची आईही येईल.

मी बोलणार आहे. तुझा सल्ला मागत नाही, फक्त सांगते आहे.

चिमी

४ मार्च

प्रिय मावशी,

सभा झाली. सगळं लिहिते.

सभागृह भरलं होतं. मी भाषणाचे कागद घेऊन गेले आणि टेबलावरच ठेवले. आधी दिवा सरकवायला लावला, माझ्या तोंडावर उजेड पडेल असा. माणसं जरा हसली, मॅडमना फोटो काढून घ्यायचाय की काय. मग मी कड्यांचं सांगितलं, वाचनालयाचं सांगितलं, कारण त्या गोष्टी चांगल्या झाल्या आहेत आणि त्या मी उगाच कमी करून सांगणार नव्हते.

मग मागच्या खोलीचं. मी म्हटलं, "ती खोली बंद केली याचा मला आजही पश्चात्ताप नाही. पण मी मुलांची जागा बदलली आणि समजले की काम झालं. ज्यांना या मुलांचं सगळ्यांत जास्त कळत होतं, त्या बाईंना मी पुस्तकांना कव्हरं घालायला बसवलं. आणि ऐकू न येणारी मुलगी मान हलवते, ते मी यश म्हणून तुम्हाला सांगणार होते." मुलीचं नाव घेतलं नाही. मी स्वतः मान हलवली ते मात्र सांगितलं. कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील.

ठराव मांडला आणि डॉक्टर उभे राहिले. त्यांनी सवयीने घसा खाकरला आणि म्हणाले, "मी बुडतील म्हणालो होतो, आणि मॅडमनी मला दात बघायला सांगितलं. मी दातच बघतो. माझ्या तोंडावर पट्टी बांधून सांगितलं तर म्हातारी माणसं नुसती मान हलवतात आणि नको तिथे तोंड मिटतात. पट्टी खाली करून सांगितलं तर नीट ऐकतात. हे रोज करत होतो, पण इथे येऊन बोलायला सुचलं नाही." एवढं बोलून त्यांनी पहिला हात वर केला. ठराव मंजूर झाला. एकमताने नाही. दोघांनी हात वर केले नाहीत, पण त्यांचं मी बघून घेईन.

सभा उठल्यावर मुलीची आई दाराशी थांबली होती. कामाच्याच कपड्यांत आली होती. मी तिचा अर्ज सोबत आणला होता. हातात धरला, पण पुढे केला नाही. ती आभार वगैरे काही मानेना. तिने विचारलं, दुपारचा तो वाचनालयातला तास किती वाजता सुटतो, कारण तिची पाळी संपायला थोडा उशीर होतो आणि मुलीला एकटीने घरी चालत यायला आवडत नाही. मी सांगितलं, बाई थांबतील. ती म्हणाली, मग मी पाळी बदलून घेते.

मग तक्रार केली. म्हणाली, "पोरगी परत भांडायला लागलीय. काल सरांना म्हणाली, तुम्ही परत फळ्याशी बोलताय."

तक्रार करताना ती पहिल्यांदा हसली.

आता माझं एक काम आहे. पुढच्या वर्षी हे सगळ्या शाळांत न्यायचं आहे. शिक्षकांना आमच्या बाई सांगतीलच, पण त्यांना ऐकू येतं. ज्याला येत नाही असं कुणीतरी त्यांच्यासमोर उभं राहून त्यांचे वर्ग तपासायला हवं, जे त्यांना भिडेखातर मान हलवून दाखवणार नाही. शिक्षकी पेशातलं असेल तर उत्तम. जूनमध्ये शाळा उघडली की येशील का? राहायला माझ्याकडे. खोली पांढरी आहे.

तुझी चिमी

१३ मार्च

चि. चिमीस,

तुझं पत्र मी मोठ्याने वाचून दाखवलं. मुलाला, सुनेला, जेवायच्या टेबलावर. ऐकू येत नाही हेही त्यातच सांगून टाकलं. मुलगा म्हणाला, आई, रंगाचं तू हो म्हणाली होतीस. मी म्हटलं, मी मान हलवली होती, हो म्हणाले नव्हते. सून रडली, आणि रडताना तिने तोंडावर पदर घेतला, तेव्हा काय म्हणाली ते पुन्हा विचारावं लागलं. तिने पदर काढून पुन्हा सांगितलं. कपाट परत आणते आहे.

येते. जून महिन्यात येते. तुझ्या शिक्षकांना सांगून ठेव, मी गोड बोलणार नाही. त्या मुलीला मात्र सांग की एक म्हातारी तिच्या बाकावर तिच्या शेजारी बसायला येते आहे, जागा करून ठेव.

गाडी सकाळी पोहोचते. तू घ्यायला येशीलच. फलाटावर गर्दी असेल, मागून हाका मारत धावू नकोस. समोर येऊन उभी राहा.

तुझी मावशी